मनोऱ्यावरच्या घड्याळाची वर्गणी

1911 साली पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक व्हायचा होता आणि त्या निमित्ताने इंग्लंडातली गावं आपापल्या परीने काहीतरी उभारण्याच्या खटपटीत होती. विल्टशायरमधल्या वूटन रिव्हर्स या गावाला आपल्या सेंट अँड्र्यूज चर्चवर घड्याळ हवं होतं. गाव लहान, कालव्याच्या काठचं, घरं गवताने शाकारलेली. नवं घड्याळ विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा जॅक स्प्रॅट नावाचा तिथलाच घड्याळजी पुढे आला. घरात-गोठ्यात पडलेला मोडका धातू आणून द्या, घड्याळ करून देणं माझ्याकडे लागलं, असं त्याने गावाला सांगितलं. लोकांनी जुन्या सायकली आणल्या, बाबागाड्यांचे सांगाडे आणले, पलंगाचे गज आणले, शेतीची गंजलेली अवजारं आणली. त्या भंगारातून स्प्रॅटने ठोके देणारं घड्याळ घडवलं आणि ते मनोऱ्यावर चढवलं.

त्याच्या एका तबकडीवर आकडे नाहीत. बारा आकड्यांच्या जागी बारा इंग्रजी अक्षरं आहेत. ती ओळीने वाचली की 'ग्लोरी बी टू गॉड' अशी देवाच्या महिम्याची घोषणा होते.

घोषणा देवाची आणि धातू कुणाच्या तरी बाळाच्या गाडीचा. ज्या बाईने ती गाडी आणून दिली तिने दान कुणाला केलं, देवाला की गावाला? आज इंग्लंडमधल्या कितीतरी गावांत चर्चचं बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू करण्यासाठी वर्गणी गोळा होते, तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहतो. फरक इतकाच की तो आता अधिक टोकदार झाला आहे. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते 59.3 टक्के होते. आपला कोणताच धर्म नाही असं सांगणारे 37.2 टक्के झाले. चर्च ऑफ इंग्लंडच्या पदरी मात्र सुमारे 16,000 इमारती आहेत. हा राज्यमान्य पंथ असला तरी गावातल्या चर्चच्या डागडुजीसाठी सरकारी तिजोरीतून दरसाल ठरलेली रक्कम येत नाही. रविवारच्या प्रार्थनेला येणाऱ्या मोजक्या, बहुधा वयस्क मंडळींच्या खिशातून छप्पर, गटार आणि वीजबिल भागवायचं. त्यात घड्याळ बंद पडलं की चर्चच्या दारात कधी पाऊल न टाकणाऱ्या शेजाऱ्यांपुढे हात पसरावा लागतो.

आणि शेजारी देतात. हीच यातली लक्ष देण्याजोगी गोष्ट.

छत गळतं म्हणून मागितलेल्या पैशाला 'ते तुमच्या भाविकांनी पाहावं' असं उत्तर देणारा माणूस घड्याळासाठी पाकीट काढतो. चर्चच्या फाटकाशी तापमापकाचं चित्र रंगवलेली फळी लागते, जमलेल्या रकमेबरोबर तिच्यातला लाल पारा वर चढत जातो. शनिवारी केक विकायला बसतात, उन्हाळ्यात गावकरी आपापल्या बागा तिकीट लावून उघडतात, पबमध्ये प्रश्नमंजूषा होते. सगळ्यांत सुरेख युक्ती म्हणजे तबकडीवरची मिनिटं देणगीदारांना वाटून देण्याची. मिनिटं साठ आणि ती सगळी सारखीच मोठी. ज्याला जे मिनिट आपलं वाटतं ते तो घेतो. कुणी लग्न लागलं ते मिनिट मागतं, कुणी वडील गेले ते.

वर्गणीतून जे काम होतं ते जवळून पाहिलं तर पैसा कशासाठी लागतो ते कळतं. मनोऱ्याच्या अरुंद वळणदार पायऱ्या चढून गेलं की लाकडी कपाटाएवढ्या खोक्यात लोखंडी चौकट असते. तिच्यात दंतचक्रांच्या दोन किंवा तीन माळा असतात: एक काटे चालवणारी, दुसरी तासाचे ठोके देणारी, आणि असल्यास तिसरी पाव तासाचे सूर वाजवणारी. प्रत्येक माळेला एक पिंप, पिंपाला पोलादी दोर, दोराला मनोऱ्याच्या पोकळीत लोंबणारं वजन. ते वजन शेकडो किलोंचंही असू शकतं. हाताने मोठी दांडी फिरवून वजन वर चढवायचं, ते आठवडाभर हळूहळू खाली उतरतं आणि त्या उतरण्यावर घड्याळ चालतं. लंबकाच्या झोक्याने वेळ राखली जाते. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर जुन्या पेनीची नाणी ठेवतात. एक पेनी वाढवली की ते घड्याळ दिवसाला सेकंदाच्या दोन-पंचमांशाने पुढे जातं. गावच्या घड्याळजीकडे असंच काहीतरी असतं, एखादं नाणं, एखादी शिशाची चकती.

बंद पडण्याची कारणं रोजचीच असतात. धूळ मिसळून तेल घट्ट होतं, पितळी बुशी झिजतात, कबुतरांची विष्ठा आणि कावळ्यांच्या काड्या आत जातात, हिवाळ्यात काट्यांवर बर्फ साचतं. पुष्कळदा तर यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं. तीस-चाळीस वर्षं दर शनिवारी वर चढून चावी देणारा माणूस थकलेला असतो किंवा गेलेला असतो, एवढंच. तबकडी दुरुस्तीसाठी खाली उतरवतात तेव्हा गाव ती पाहायला येतं, कारण जन्मभर खालून ताटलीएवढी दिसलेली ती चकती माणसापेक्षा उंच निघते. आकडे सोनेरी रंगाने रंगवत नाहीत, खऱ्या सोन्याच्या वर्खाने मढवतात. रंग थोड्याच वर्षांत काळवंडतो, वर्ख पंचवीस-तीस वर्षं झळाळतो. गरीब गावाने सोन्यावर खर्च का करावा, या शंकेला हे व्यवहारी उत्तर पुरेसं आहे. मूळ प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, आणि त्याकडे यायचंच आहे.

आधी कायद्याची गमतीदार वाटणारी, पण खोल अर्थ असलेली बाजू. इंग्लंडमध्ये 1894 च्या कायद्याने गावपातळीवर पॅरिश कौन्सिलं आली, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्था. त्याआधी गावचा कारभार आणि चर्चचा कारभार एकाच बैठकीत चाले. ते दोन वेगळे करायचे म्हणून कायद्यात अशी तरतूद झाली की चर्चच्या व्यवहारांशी संबंधित मालमत्तेवर कौन्सिलने खर्च करू नये. मग चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचं काय? 1957 च्या पॅरिश कौन्सिल्स कायद्याने कौन्सिलांना सार्वजनिक घड्याळं बसवण्याचा, राखण्याचा आणि त्यांना दिवाबत्ती करण्याचा स्पष्ट अधिकार दिला. त्यामुळे कित्येक दशकं असं चित्र राहिलं की मनोऱ्याचा दगड ढासळला तर कौन्सिलचे सदस्य हात आखडता घेत, पैसा दिला तर बेकायदा ठरेल की काय अशी त्यांना धास्ती. त्याच दगडावर टांगलेलं घड्याळ थांबलं तर मात्र त्यांना बेधडक खर्च करता येई. हा संभ्रम दूर व्हायला 2023 चा कायदा यावा लागला. त्याने 1894 च्या त्या तरतुदीमुळे कौन्सिलांचे इतर अधिकार अडत नाहीत हे स्पष्ट केलं.

म्हणजे संसदेने एका दगडी मनोऱ्यात रेघ ओढली होती. भिंत धर्माची, तबकडी जनतेची. वकिलांना ती रेघ सोयीची होती. पण ती खरी आहे का?

मनोऱ्यात वर जाऊन पाहिलं तर रेघ पुसट होते. घड्याळाला सहसा स्वतःची घंटा नसते. चर्चच्या प्रार्थनेला बोलावणारी जी घंटा, तिच्यावरच घड्याळाचा हातोडा बाहेरून पडतो. प्रार्थनेसाठी घंटा पूर्ण गोल फिरवून वाजवायची असली की आधी हा हातोडा तारेने ओढून बाजूला धरावा लागतो. विसरलं तर फिरत्या घंटेच्या तडाख्याने तो मोडतो. यंत्राने तेवढा वेळ बाजूला व्हायचं, असा त्या दोघांतला जुना करार आहे. घंटेला कॅथलिक परंपरेत तेल लावून, नाव ठेवून आशीर्वाद देतात. ज्या धातूवर धर्माचा संस्कार झाला त्याच्यावरच ज्याला धर्म नको त्याची वेळ वाजते. पैसा देणाऱ्याने घड्याळापुरताच दिला असं म्हटलं तरी आवाज त्या घंटेचाच निघतो.

घंटेचा आवाज एका धर्माच्या आवारात मावत नाही, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. गोदाकाठची नारोशंकराची घंटा पोर्तुगीजांची आहे. तिच्यावर 1721 हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या 1707 च्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशूची आकृती आजही दिसते. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली त्या मोहिमेनंतर अशा घंटा देवळांत आल्या. ती लढाईतली लूट होती, तिला दानाच्या पंगतीत बसवणं चुकीचं ठरेल. पण देवळातल्या भाविकाने ती घंटा वाजवताना तिच्यावरची मेरी खरवडून काढली नाही, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

आता काळाकडे. मनोऱ्यावर घड्याळ मुळात का चढलं? मठांमध्ये दिवसरात्रीच्या ठरलेल्या प्रार्थना वेळेवर व्हाव्यात म्हणून. सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमधलं घड्याळ बहुधा 1386 च्या सुमाराचं, जगातल्या अगदी जुन्या चालत्या घड्याळांपैकी एक. त्याला तबकडीच नाही. ते फक्त तासाचे ठोके देतं. ऑक्सफर्डशायरमधल्या ईस्ट हेंड्रेड गावच्या चर्चमधलं 1525 चं घड्याळही असंच बिनतबकडीचं आहे. वेळ पाहण्याची वस्तू नव्हती ती, ऐकण्याची होती. मिनिटांचा हिशेब कुणालाच नको होता. लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीच्या चर्चवर जी भलीमोठी तबकडी आहे, साडेसोळा फूट व्यासाची, तिला आजही एकच काटा आहे, तासाचा.

पण काळ कुणाचा यावर भांडण तेव्हाच सुरू झालं होतं. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी 1960 मध्ये एका गाजलेल्या निबंधात चर्चचा काळ आणि व्यापाऱ्याचा काळ असा भेद मांडला. मध्ययुगातले धर्मपंडित व्याजाला पाप का म्हणत? कारण सावकार रात्री झोपेत असतानाही त्याचं व्याज वाढतं, म्हणजे तो काळ विकतो. आणि काळ तर देवाचा, तो सगळ्यांना फुकट दिलेला. जे आपलं नाही ते विकणारा चोर. व्यापाऱ्याला हे मान्य होणं शक्य नव्हतं. त्याला मजुरीचे तास मोजायचे होते. 1355 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या एर-स्युर-ला-लीस या गावाला व्यापाराच्या आणि कापड कामगारांच्या वेळा वाजवण्यासाठी वेगळा घंटामनोरा बांधण्याची परवानगी मिळाली. चर्चच्या घंटेशेजारी कामाची घंटा वाजू लागली. पुढे दोन-तीन शतकांत बहुतेक ठिकाणी ही दुसरी घंटा पहिलीच्याच मनोऱ्यात मुक्कामाला आली.

मग आली रेल्वे. तोवर प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर चाले. एक्सटर लंडनच्या 14 मिनिटं मागे होतं. रेल्वेने लंडनची वेळ लादली तेव्हा एक्सटर कॅथीड्रलच्या डीनने, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूने, आपलं घड्याळ बदलायला नकार दिला आणि गाव पुष्कळ वर्षं दोन वेळांत जगलं. 1852 मध्ये अखेर कॅथीड्रल नमलं. 1880 मध्ये ग्रिनिचची वेळ देशभर कायद्याने लागू झाली. त्या डीनचा हट्ट आज वेडगळ वाटतो, पण त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. माथ्यावर सूर्य आला की बारा, हे देवाने ठरवलेलं. 14 मिनिटं आधीच बारा झाले हे रेल्वे कंपनीने ठरवलेलं. गावच्या चर्चवरचं घड्याळ त्या दिवसापासून कंपनीचं, कारखान्याचं, शाळेचं आणि टपालाचं झालं. त्याला पैसे देणं हा तेव्हा कराचाच एक प्रकार होता. वेळ हवी तर घड्याळ हवं, घड्याळ हवं तर पैसे हवेत.

आज तसं राहिलेलं नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यातली वेळ मनोऱ्यावरच्या घड्याळापेक्षा बिनचूक आहे. मनोऱ्यावरच्या घड्याळाची गरज कुणाला म्हणून उरलेली नाही. वरवर पाहता इथेच वर्गणीचा युक्तिवाद कोसळायला हवा. उलट घडतं. गरज संपली म्हणूनच ही देणगी आता खऱ्या अर्थाने दान झाली आहे. उपयोगाच्या वस्तूला दिलेले पैसे म्हणजे किंमत. ज्याची वेळ आपल्याला नको आहे, जे आपल्या एकट्याच्या घरासाठी वाजणार नाही, ज्याच्यावर आपल्याला कसलाच हक्क सांगता येणार नाही, त्याला दिलेले पैसे मात्र किमतीच्या हिशेबात बसत नाहीत. ज्या प्रार्थनेसाठी घड्याळ मनोऱ्यावर चढलं, तिच्या जवळ ते सहाशे वर्षांनी पुन्हा आलं आहे, आणि तेही न प्रार्थना करणाऱ्यांच्या हातून.

ख्रिस्ती धर्मग्रंथातच अशा बिनकामाच्या दानाची एक गोष्ट आहे. एक स्त्री येशूवर मौल्यवान सुगंधी तेल ओतते. शिष्य चिडतात: हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना देता आलं असतं. येशू त्या स्त्रीची बाजू घेतो. चर्चच्या सोन्याच्या वर्खाचं समर्थन करणाऱ्यांनी ही गोष्ट शतकानुशतकं ढालीसारखी पुढे केली आहे.

पण एवढ्यावर सुटका नाही, आणि या परंपरेचा मोठेपणा असा की तिच्यातल्याच संतांनी ती ढाल काढून घेतली. चौथ्या शतकातला योहान ख्रिसोस्तम आपल्या प्रवचनांत बजावत असे की वेदीवर रेशीम घालण्याआधी दारात कुडकुडणाऱ्याला कपडा द्या; तो उपाशी असताना सोन्याचा पेला काय कामाचा? मिलानचा बिशप अँब्रोझ तर चर्चची पवित्र भांडी वितळवून युद्धकैद्यांची सुटका करून मोकळा झाला आणि टीका झाली तेव्हा ठामपणे म्हणाला की माणसं वाचली हेच त्या सोन्याचं सार्थक. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने भिंती झळाळणाऱ्या आणि गरिबांना विन्मुख पाठवणाऱ्या चर्चवर कोरडे ओढले. गावात अन्नदानाचं केंद्र चालू असताना मनोऱ्यावरच्या काट्यांसाठी हजारो पौंड गोळा करणाऱ्या समितीने या तिघांना उत्तर द्यायला हवं. 'दोन्ही करता येईल' हे उत्तर खोटं नाही, पण ते फार लवकर सुचणारं उत्तर आहे.

अधिक प्रामाणिक उत्तर वर्गणी कशी जमते यात शोधावं लागतं. येशूच्या आणखी एका गोष्टीत श्रीमंत लोक मंदिराच्या पेटीत भरभरून टाकत असतात आणि एक विधवा तांब्याची दोन लहानशी नाणी टाकते. सगळ्यांत जास्त तिने दिलं, असं तो म्हणतो, कारण तिने होतं ते सगळं दिलं. तिचं दान इमारतीला गेलं, गरिबाला नव्हे, याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. ती स्वतःच गरीब होती. तिला घेणारी न मानता देणारी मानलं गेलं, हा त्या गोष्टीतला सन्मान आहे. वूटन रिव्हर्सच्या भंगारात हाच सन्मान होता. ज्याच्याकडे पौंड नव्हते त्याच्याकडे पलंगाचा गज होता. साठ मिनिटं वाटण्याच्या योजनेतही तो आहे, फक्त मिनिटाची किंमत एवढी असावी की पेन्शनवर जगणाऱ्या बाईलाही एक घेता यावं. ज्या गावात ही किंमत वाढवून मिनिटं चार बंगलेवाल्यांनी वाटून घेतली तिथे घड्याळ सुरू होईल, पण ख्रिसोस्तमचा प्रश्न तिथेच उभा राहील.

पैसा कुठून आला हेही विचारायला हवं. ब्रिटनमध्ये 1994 मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि तिच्या उत्पन्नातून वारसा जपण्यासाठी मोठा निधी उभा राहिला. जुगाराला पाप मानणाऱ्या मेथडिस्ट पंथाची त्यामुळे पंचाईत झाली. लॉटरीच्या पैशाने छप्पर शाकारायचं का? गावजत्रेत सोडतीची तिकिटं तरी विकायची का? पुढे ही भूमिका सैल झाली. पण दानाचा स्रोत शुद्ध हवा, ही जाण ज्यांनी इतकी वर्षं जपली त्यांना हेकेखोर म्हणून बाजूला सारता येत नाही. लॉटरीची तिकिटं घेणाऱ्यांत आशेवर जगणारे पुष्कळ असतात.

सगळ्याच घड्याळांमागे गाव नसतं. डेव्हनमधल्या बकलंड-इन-द-मूर या डार्टमूरच्या कडेवरच्या वस्तीत सेंट पीटर्स चर्चच्या तबकडीवरही बारा अक्षरं आहेत. तिथे वाचायला मिळतं 'माय डिअर मदर'. तिथला जमीनदार विल्यम व्हिटली याने 1930 च्या सुमारास आईच्या स्मरणार्थ हे घड्याळ दिलं. हा गृहस्थ कट्टर प्रोटेस्टंट. 1928 मध्ये संसदेने प्रार्थनापुस्तकाची नवी आवृत्ती फेटाळली, त्याचा आनंद म्हणून त्याने जवळच्या टेकडीवरच्या खडकांवर दहा आज्ञा कोरून घेतल्या होत्या. त्या आज्ञांमध्ये आईवडिलांचा मान राखण्याचीही एक आहे. उपासनेत देवाखेरीज कशाचंच स्तोम नको म्हणणाऱ्या माणसाने देवाच्या घरावर, देवाच्या नावाच्या जागी, आईला बसवलं. नॉरफोकमधल्या वेस्ट एकरच्या तबकडीवरची बारा अक्षरं जागं राहून प्रार्थना करा असं बजावतात. शास्त्राला धरून तीच अधिक योग्य. पण बकलंडच्या मनोऱ्याखाली उभ्या राहिलेल्या कुणाच्या मनात ही शास्त्रार्थाची शंका येत असेल असं वाटत नाही.

मुंबईच्या माणसाला इथे राजाबाई टॉवर आठवेलच. शेअरबाजाराचे सम्राट प्रेमचंद रायचंद यांनी मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या आईचं नाव दिलं. जैन असलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी जेवण उरकता यावं म्हणून वेळेचे ठोके हवे होते, असं मुंबईत सांगतात. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्याचं चित्र ज्याने लंडनमध्ये बसून काढलं तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडमधल्या शेकडो चर्चच्या जीर्णोद्धारासाठी ओळखला जाई. चर्चच्या वळणाचा मनोरा, विद्यापीठाची जागा, जैन आईचा नेम. घड्याळाने यातल्या कुणाला आपलं धर्ममत विचारलं नाही. तरी बकलंड काय किंवा मुंबई काय, एका मुलाच्या थैलीतून आलेल्या घड्याळावर एका आईचं नाव लागतं. वूटन रिव्हर्सच्या घड्याळावर देणाऱ्या कुणाचंच नाव लागू शकलं नाही, ते सगळं वितळून, कापून, घासून एकमेकांत मिसळलं होतं. दोहोंत थोर कोणतं हे ठरवायचं झालं तर वूटन रिव्हर्सच्या बाजूने मत द्यावं लागेल.

पैसे जमले की संपलं असं होत नाही. चर्चच्या मनोऱ्यात मोठं काम करायचं तर धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्याआधी सल्लागार समितीतला घड्याळांचा जाणकार येऊन पाहून जातो. जुनं यंत्र काढून टाकून विजेची मोटर बसवण्याची लाट विसाव्या शतकात आली होती, आज ती सहजासहजी मंजूर होत नाही. मंजूर होतं ते वजन आपोआप वर चढवणारं छोटं यंत्र, तेही हवं तेव्हा काढता येईल असं. खर्चावर 20 टक्के व्हॅट लागतो. जुन्या वास्तूंसाठी तो परत देणारी सरकारी योजना 2001 मध्ये सुरू झाली होती, तिच्यात 2013 पासून घड्याळंही बसू लागली, आणि 2025 मध्ये तिला प्रत्येक चर्चमागे 25,000 पौंडांची वार्षिक मर्यादा घातली गेली.

शिवाय ठोक्यांचा वाद असतो. घड्याळ पुष्कळ वर्षं मुकं असतं, तेवढ्यात शेजारची जुनी घरं नव्या लोकांनी घेतलेली असतात. त्यांना रात्री दोनचे ठोके नको असतात, आणि त्यांची तक्रार ध्वनिउपद्रवाच्या कायद्यात बसते. आजारी माणसाची झोप हाही शेजारधर्माचाच भाग आहे. रात्रीपुरता हातोडा उचलून धरणारी कळ बसवली की बहुतेक गावांत प्रकरण मिटतं. ज्यांना चोवीस तासांचे ठोके हा आपला वारसा वाटतो त्यांनी इथे माघार घ्यावी हेच बरं.

आणि राहतो तो चावीचा प्रश्न. आपोआप वजन चढवणारं यंत्र बसवलं की दर आठवड्याला वर जाण्याचं कारण उरत नाही. पाठीला, गुडघ्यांना आराम, अपघाताची भीती नाही, विमा कंपनी खूश. तरीही काही गावांत लोक हातानेच चावी देण्याचा आग्रह धरतात आणि आठ-दहा जणांत आळीपाळीने वारी लावून घेतात. त्यांचं म्हणणं ऐकण्याजोगं आहे. पैसे एकदाच दिले जातात. आठवड्याचा अर्धा तास दर आठवड्याला द्यावा लागतो, आणि काळाच्या यंत्राला काळच देण्यात काही औचित्य आहे. पायऱ्या चढू शकणारी माणसं गावात आहेत तोवर त्यांना वर जाऊ द्यावं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तर यंत्र बसवलेल्या गावातही कुणाला तरी जावंच लागतं. 1916 पासून ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेतात आणि हिवाळ्यापूर्वी मागे आणतात. ठोक्यांचं घड्याळ उलटं फिरवता येत नाही, ठोक्यांची गणती चुकते. मग एक तर काटे अकरा तास पुढे न्यायचे आणि प्रत्येक तासाचे ठोके पुरे होऊ द्यायचे, नाही तर लंबक हाताने थांबवायचा, थर्मासमधला चहा घेत तासभर तिथेच बसायचं आणि वेळ झाली की त्याला पुन्हा झोका द्यायचा.